तिसरीतल्या मुलीकडून अवकाशाची पुस्तकं कशी वाचून घ्यावीत?

तिसरीची आई
आम्ही कोल्हापूरचे. मुलगी मराठी माध्यमात, तिसरीत. ग्रहांची नावं क्रमाने घडाघडा म्हणते, पण "गुरू मोठा की सूर्य?" असं विचारलं की अडखळते. घरातलं पुस्तक जुनं आहे, त्यात नऊ ग्रह आहेत. नवीन घेताना काय बघावं? आणि रोज किती वाचायचं?

रंकाळाकाठ
ताई, अडखळायचं कारण चित्रात आहे. सूर्यमाला एका पानावर बसवायची म्हणून सूर्याची नुसती कड दाखवतात आणि ग्रह शेजारी शेजारी मांडतात. मूल मजकुराआधी चित्र बघतं आणि तेच डोक्यात बसतं.

ते पान आलं की पुस्तक मिटा आणि मोजपट्टी घ्या. १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर धरा. पुठ्ठ्यातून १४ सेंटीमीटर व्यासाचा गोल कापला की झाला सूर्य. गुरू १.४ सेंटीमीटर, म्हणजे खेळायची गोटी. पृथ्वी जेमतेम १.३ मिलिमीटर, बारीक मोहरीचा दाणा चिकटपट्टीवर लावा. चंद्र तिच्यापासून ४ सेंटीमीटरवर, पेनाने दिलेला बारीक ठिपका. आता रंकाळा तलावाच्या काठाने चाला की! सूर्यापासून पृथ्वी १५ मीटरवर, गुरू ७८ मीटरवर आणि नेपच्यून ४५० मीटरवर. मुलीचं एक पाऊल आधी टेपने मोजा, मग पावलं मोजायचं काम तिलाच द्या. हे घरात करू नका. जागा पुरत नाही म्हणून अंतरं आखडली जातात आणि पुस्तकातली चूक पुन्हा तशीच होते.

वाचन रोज दोन पानं, मोठ्याने. जास्त नको. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून एक चित्र तिलाच काढू दे. काय समजलं नाही ते चित्रात लगेच दिसतं.

नक्षत्रवही
जुनं पुस्तक टाकू नका, ते फार कामाचं आहे. प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रह ठरवलं, म्हणून आता ग्रह आठ. शनीच्या चंद्रांचा आकडा तर प्रत्येक पुस्तकात वेगळा सापडेल. २०२५ मध्ये तो २७४ वर गेला. नवं आणि जुनं पान शेजारी ठेवून छापल्याचं साल तिलाच शोधायला लावा. चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्याची माहिती हवी असेल तर २३ ऑगस्ट २०२३ नंतर छापलेलंच घ्या.

विकत घेण्याआधी मधलंच एखादं पान वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक पुढच्या वर्षी. करवीर नगर वाचन मंदिरात बसून अशी चार-पाच पुस्तकं तपासता येतील.

'प्रकाशवर्ष' या शब्दावर मात्र थांबाच. 'वर्ष' आलं की मुलं काळ समजतात. ते अंतर आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. आधी सूर्याचा प्रकाश इथे यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, इथपासून सुरुवात करा.

तिसरीची आई
दोघांचे आभार. पुस्तकात ध्रुवतारा बराच उंच दाखवलाय, गच्चीवरून सापडतच नाही.

रंकाळाकाठ
ते चित्र उत्तरेकडच्या देशातलं असणार. ध्रुव क्षितिजापासून साधारण आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो आणि कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश. हात सरळ ताणून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे उत्तर क्षितिजापासून पावणेदोन मुठी. समोर एखादी इमारत असली तरी तो झाकला जातो. पन्हाळ्यावर उत्तरेकडे मोकळी जागा बघून उभे राहा.

पण सुरुवात मृग नक्षत्रापासून करा. जानेवारीच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेकडे, जवळजवळ डोक्यावर येतो आणि मधले तीन तारे लहान मुलांनाही लगेच ओळखू येतात. पुस्तक सोबत नेणार असाल तर बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन घड्या रबराने बांधा. पांढऱ्या उजेडात पान बघितलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पुन्हा वीसेक मिनिटं जातात, आणि तेवढ्यात मुलं कंटाळतात.