मदत हवी आहे : चार्टप्लॉटरवर डोंगे दिसतच नाहीत
भाऊ, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये आमची इंजिनाची बोट चालते. मुंबईहून एआयएस रिसीव्हरवाला (इतर बोटींनी रेडिओवरून कळवलेली जागा पकडणारा) जुना चार्टप्लॉटर, म्हणजे नकाशावर बोटी दाखवणारा पडदा, आणला. पडद्यावर आमची एकटीचीच खूण! मग समजलं, एआयएस फक्त ट्रान्सपॉन्डर (आपली जागा रेडिओवरून सांगणारं यंत्र) असलेल्याच बोटी दाखवतं. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, लहान लाकडी डोंग्यात साधा दिवाही नसतो. परवा पहाटे धुक्यात एक डोंगा पार दहा हातांवर आल्यावर दिसला, धडकेचा अलार्म गपचूप. आम्ही क्लास बी (लहान बोटींचा ट्रान्सपॉन्डर) बसवला तरी तो दर 30 सेकंदांनी आमचीच जागा सांगणार, आणि ऐकणार कोण? लहान रडार लाकडी डोंगा पकडतं का? की डोंग्यांवर रडार रिफ्लेक्टर (रडारला ठळक दिसावं म्हणून लावतात ते) बांधून द्यावे? पाण्यात वाळकी झाडं उभी आहेत, त्यांचाही गोंधळ होईल का? धरणात कोणी वापरलं असेल तर सांगा.