मदत हवी आहे: १४० शेळीपालकांना फोनवरून सल्ला पाठवतोय, पण पोचत नाही

पाणवठा:
अकोले तालुक्यात सहा वस्त्या, १४० शेळीपालक घरं. ५५ घरांत स्मार्टफोन, बाकी बटणाचे. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा आजार) लस आणि जंतनाशक हे दोनच विषय पोचवायचे आहेत. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर टाकलं तर वीसेक जणांपलीकडे एकच खूण राहते. मराठी एसएमएस काही फोनवर नुसते चौकोन दाखवतो. शेळ्या सांभाळतात बायका, फोन मात्र पुरुषांच्या खिशात. सध्याचा मजकूर: "शेळीला जंताचं औषध १० मिली पाजा." काय बदलू?

चावडी:
ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो. लसीकरणाच्या दिवशी प्रत्येकाच्या फोनमध्ये तिथल्या तिथे "शेळी सल्ला" नावाने नंबर सेव्ह करून द्या. दुसरा मार्ग म्हणजे ग्रुप, पण 'फक्त अॅडमिन पाठवू शकतील' हे सेटिंग लावूनच. नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली लसीची तारीख गाडली जाते.

मजकुरापेक्षा आवाज बरा. एका संदेशात एकच काम, एक मिनिटाच्या आत. सुरुवातीलाच तारीख आणि गाव बोला, कारण संदेश पुढे जातो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच तालुक्यात फिरतो. उदाहरणार्थ: "१२ मे, वरची वस्ती. गुरुवारी सकाळी ८ वाजता शाळेसमोर शेळ्यांना आंत्रविषाराची लस. चरायला सोडू नका, बांधून ठेवा. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो."

एसएमएसचं गणित वेगळं. देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं, त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. इंग्रजी लिपीत मराठी लिहिलं तर १६०. चौकोन दिसतात त्या फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नाही, तिथे इंग्रजी लिपी किंवा सरळ कॉल.

गोठ्यातला_डॉक्टर:
आधी ती १० मिलीची ओळ थांबवा, आजच. अल्बेंडाझोल या जंतनाशकाचं पातळ औषध २.५ टक्के आणि १० टक्के अशा दोन्ही तीव्रतेत मिळतं. पहिल्यात एका मिलीत २५ मिलिग्रॅम औषध, दुसऱ्यात १००. बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या तर फरक फक्त लेबलावरच्या बारीक अक्षरांत. १० टक्क्यांच्या बाटलीतून तेच माप गेलं की चौपट डोस. गाभण शेळीला पहिल्या दीड-दोन महिन्यांत हे औषध द्यायचंच नाही, आणि तुमच्या संदेशात तेही नाही.

मिलीचा आकडा फोनवर पाठवूच नका. वजन काढायची रीत पाठवा: पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बसण्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २८, लांबी २६ असेल तर साधारण ३१ किलो. हे वजन आणि बाटलीच्या लेबलाचा फोटो आला की डॉक्टर डोस सांगतील. किलोला ७.५ मिलिग्रॅम ठरवलं, तर याच शेळीला २.५ टक्क्यांचं सव्वानऊ मिली होतं आणि १० टक्क्यांचं जेमतेम सव्वादोन.

पाणवठा:
धन्यवाद, ओळ काढली. आजारी शेळीचे फोटो येतात ते अंधुक असतात. काय मागायचं? आणि बायकांपर्यंत कसं जायचं?

गोठ्यातला_डॉक्टर:
फोटो दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय. चार लागतात: आडवी पूर्ण शेळी, खालची पापणी ओढून आतला रंग, तोंड उघडून हिरड्या, आणि लेंडी किंवा हगवण. पापणी पांढरट असेल तर जंताचा संशय धरून पुढची तपासणी होते. सोबत ताप मोजलेला हवा. शेळीचा साधारण १०१.५ ते १०४ फॅरनहाइट असतो. पोट फुगलंय, वेत अडलंय, किंवा एकाच दिवशी दोन-तीन करडं गेली, तर फोटोत वेळ घालवू नका, थेट १९६२ हा जनावरांच्या डॉक्टरांच्या मदतीचा नंबर लावा.

चावडी:
बायकांसाठी वेळ बदला. दुपारी शेळ्या रानात आणि फोन गावात. संध्याकाळी शेळ्या परतल्यावर, सातच्या सुमाराला, दर वस्तीत एका पशुसखीच्या (जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेली गावातली बाई) अंगणात फोन स्पीकरवर लावा. सहा वस्त्या म्हणजे सहाच कॉल. संदेश संपला की एक प्रश्न विचारा: "लस कुठल्या दिवशी?" उत्तर चुकलं तर संदेश अवघड झालाय, पुन्हा सोपा करून बोला.