मदत हवी आहे: टायरच्या हवेचा सेन्सर एकच बदलावा की चारही?

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमच्याकडे एका जपानी कंपनीची २०१४ सालची सेदान आहे. सध्या गाडी सुरू केली की टायरच्या हवेचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच लागून राहतो. नुसती हवा कमी असती, तर तो न लुकलुकता लागला असता. लुकलुकणे म्हणजे यंत्रणेतच बिघाड. थंडीमुळे दाब उतरला असेल (तापमान साडेपाच अंश सेल्सियसने घसरले की साधारण १ पीएसआय कमी होतो), म्हणून सकाळी टायर गार असतानाच गेज लावून पाहिला. चारही चाकांत हवा दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणेच आहे.

टायरच्या दुकानात व्हॉल्व्हजवळ (हवा भरायच्या नळीजवळ; सेन्सर आतून तिलाच जोडलेला असतो) यंत्र धरून प्रत्येक सेन्सर तपासला, तेव्हा मागच्या डाव्या चाकाकडून काहीच उत्तर आले नाही. बॅटरी सेन्सरमध्येच सीलबंद असते व पाच ते दहा वर्षे टिकते, त्यामुळे उरलेले तीनही आता फार काळ साथ देतील असे वाटत नाही. यंदा टायरही बदलायचे आहेत. टायर रिमवरून उतरवणे आणि पुन्हा बॅलन्सिंग करणे हा खर्च एकदाच व्हावा, म्हणून चारही सेन्सर बदलण्याकडे माझा कल आहे. पण चालू असलेले तीन सेन्सर टाकून देणे जिवावर येते.

दुसरी काळजी व्हॉल्व्हची. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याच चाकाच्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पांढरी भुकटी साचली आहे आणि टोपी पकडीनेही फिरत नाही. आत निकेलचा मुलामा दिलेल्या पिनऐवजी साधी पितळी पिन बसवली, तर ती ॲल्युमिनियमला धरून बसते, असे दुकानातील मेकॅनिकने सांगितले. सेन्सर जुनाच ठेवला तरी रबरी वॉशर, नट, पिन आणि टोपी दर वेळी नवी घालावी, हे मला पटते.

पुण्याहून भाऊ येणार आहे, पण तिकडचे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात आणि आमच्या गाडीला ३१५ चे लागतात, म्हणून तो मार्ग बंद आहे. डीलरकडचे सेन्सर बरेच महाग आहेत. बाहेरच्या कंपनीच्या कोऱ्या सेन्सरमध्ये जुन्याचा क्रमांक (ज्यावरून गाडी आपला सेन्सर ओळखते) उतरवला, तर गाडीत नव्याने नोंदणी करावी लागत नाही म्हणतात. मात्र बंद पडलेल्या सेन्सरचा क्रमांक यंत्राने वाचता येत नाही, मग तो गाडीच्या संगणकातून काढता येतो का? की नवा क्रमांक नोंदवणेच सोपे?

हे काम मला लांबवायचे नाही. मुलगी याच गाडीने रोज टर्नपाइकवरून (इथल्या टोलच्या महामार्गावरून) कॉलेजला जाते, आणि दिवा कायम लागलेला असताना उद्या खरोखर एखाद्या टायरमधली हवा उतरली, तर तिला ते कळणार नाही. तोपर्यंत गेज गाडीतच ठेवला आहे.

ज्यांनी बाहेरचे सेन्सर बसवून दोन-तीन हिवाळे काढले आहेत, त्यांनी व्हॉल्व्ह रबरी घेतला की धातूचा, आणि नोंदणी दुकानात झाली की डीलरकडे जावे लागले, हे कृपया सांगावे.