मदत हवी आहे: पोर्शे केमन विकू की ठेवू?

माझ्याकडे २००८ ची केमन एस आहे, मॅन्युअल. काही वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. आता एक गृहस्थ घेतली त्यापेक्षा बरीच जास्त रक्कम द्यायला तयार आहेत आणि माझी झोप उडाली आहे.

भाव का चढतोय ते कळतं. २०१६ नंतर केमनला चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं, स्टीअरिंग त्याआधीच इलेक्ट्रिक झालं होतं. सहा सिलिंडर, हायड्रॉलिक स्टीअरिंग आणि हाताने गिअर हे त्रिकूट आता नव्याने मिळणार नाही. पहाटे ताम्हिणीत तिसऱ्या गिअरमध्ये मागून येणारा तो आवाज, काय सांगू!

पण माझं हे इंजिन पोर्शेने २००९ मध्ये इंजिनची रचना बदलली त्याआधीचं. त्यातलं आयएमएस (इंजिनमधल्या मधल्या शाफ्टचं) बेअरिंग बदलायचं तर इंजिनच उकलावं लागतं. सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचीही धास्ती. शिवाय बाणेरमधले स्पीडब्रेकर! तिरकी घातली तरी पुढच्या बंपरचा ओठ घासतोच.

२०२८ मध्ये आरटीओत नोंदणीचं पुन्हा नूतनीकरण. परदेशी बनावटीची म्हणून तिथेही जादा फी. व्हिंटेजची सवलत ५० वर्षांनी, तोवर मी ऐंशीचा!

बायकोचं मत एका शब्दात: "विका."

विचारायचं हे की पुण्यात बोरस्कोपने (आत सोडायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडर नीट तपासून देणारं कोणी आहे का? दरवर्षी घटणाऱ्या आयडीव्हीऐवजी (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ठरलेल्या किमतीचा विमा कोणाला मिळाला आहे का? आणि अशी गाडी विकलेल्यांनो, खरं सांगा, पस्तावलात का?