मदत हवी आहे: भारतातल्या बायकांची रेघ एकदम वर का पळतेय?

तासगावकर_०७
एमए अर्थशास्त्र, सांगली. स्त्री-पुरुष रोजगार दराचा, म्हणजे शंभरात किती जण कामात, आलेख करायचाय, भारत आणि जपान. भारतातल्या बायकांचा दर १६.५ वरून थेट ४०.३ वर जातोय. सर म्हणाले, चुकलंय, शोध. एक्सेल दोनदा पुसून भरलं, तेच येतंय. उद्या दहाला द्यायचंय. लवकर सांगा.

आकडेमोड्या
वर्षं कुठली? आकडे कुठले? वयोगट कुठला? एक्सेल पुसलं एवढ्यावरून काय कळणार?

तासगावकर_०७
पीएलएफएस, सरकारचं रोजगाराचं सर्वेक्षण. २०१७-१८ आणि २०२३-२४. वयोगट कसला, सगळ्या बायका.

हळदबाजार
एमएच्या नादाला लागण्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे भावा. माझा पुतण्या लागला.

आकडेमोड्या
'सगळ्या बायका' इथंच गोची आहे. १६.५ हा सर्व वयांचा दर, त्यात पाळण्यातल्या पोरीपण धरल्यात. ४०.३ हा १५ वर्षं आणि वरच्यांचा. २०१७-१८ चा तसाच आकडा २२.० आहे. पुरुषांचे ७१.२ आणि ७६.३ घे. आता जपानचं सांग, कुठून घेतलंस?

तासगावकर_०७
ओईसीडी, श्रीमंत देशांची संघटना, तिची आकडेवारी. त्यात बायकांचा ७० च्या वर आहे.

आकडेमोड्या
तो १५ ते ६४ चा असणार. जपानात म्हातारी माणसं किती! १५ च्या वरच्या सगळ्या धरल्या की दर बराच खाली येतो. दोन्ही देशांना एकच वयोगट लाव.

कृष्णाकाठ
२२ वरून ४० म्हणजे पण जवळजवळ दुप्पटच की. सहा वर्षांत एवढ्या नोकऱ्या कुठं निघाल्या? आमच्या एमआयडीसीत तर दिसल्या नाहीत.

माणदेशी_काकी
नोकऱ्या कशाला निघायला पायजेत. आमच्या सासूबाईंना एकदा माहिती घ्यायला आलेल्या पोरानं विचारलं, काय काम करता? म्हणाल्या, काय नाही बाबा, घरीच असते. डोक्यावर शेणाची पाटी होती! चार म्हशींच्या धारा त्याच काढायच्या आणि डेअरीचं पासबुक मामंजींच्या नावावर. आता त्यांना कुठं मोजलं असेल सांगा.

आकडेमोड्या
काकी, मुद्दा म्हशींचा नाही, वयोगटाचा आहे.

माणदेशी_काकी
मग म्हशी मोजायच्याच नाहीत म्हणा.

निवृत्त_मास्तर
काकींचं बरोबर आहे. सर्वेक्षणात घरच्या धंद्यात बिनपगारी मदत केली तर कोड २१, म्हणजे कामात. नुसतं घरकाम लिहिलं तर ९२, म्हणजे बाहेर. धारा त्याच, कोड वेगळा. काम करणाऱ्या बायकांत स्वयंरोजगारवाल्या २०१७-१८ ला निम्म्याच्या आसपास होत्या, २०२३-२४ ला दोनतृतीयांश झाल्या. बिनपगारी मदतनीसही त्यातच येतात. शिवाय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१३ च्या व्याख्येत फक्त घरी खाण्यासाठी पिकवणं रोजगारात धरत नाहीत, आपल्याकडं ते काम धरतात. देशादेशांची तुलना करताना हे आडवं येतं.

गोल्डिन_फॅन
२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल अमेरिकेच्या क्लॉडिया गोल्डिन यांना बायकांच्या रोजगारावरच्या कामासाठी मिळालं. शेती सुटताना बायकांचा रोजगार आधी घटतो, शिक्षण आणि ऑफिसची कामं आली की परत वाढतो, यू आकार. भारतात तो लागू होतो का यावर आपण

तासगावकर_०७
दादा, परीक्षा झाल्यावर. मास्तर, २०१७-१८ ला कुठल्या वर्षावर ठिपका देऊ, २०१७ की २०१८?

निवृत्त_मास्तर
सर्वेक्षण जुलै ते जून चालायचं. २०१८ वर दे आणि खाली तसं लिही. आणि रेघ जोडण्याआधी मधली वर्षं भर, दोन ठिपक्यांवर आलेख होत नाही.

तासगावकर_०७
भरतो. सर सुरुवातीलाच म्हणाले होते, मला वाटलं टोमणा मारतायत.

हळदबाजार
बेदाण्याला आज तासगावात काय भाव निघाला, माहितीय का कुणाला?