जुन्या ट्रॅक्टरवर बेलर: क्लच आधी बघा

निफाडच्या दादांनी विचारलंय, सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरवर बेलर, म्हणजे पेंढ्याचे गठ्ठे बांधणारं यंत्र, चालेल का. चालतो. आमच्याकडे इगतपुरीच्या बाजूला वडिलांच्या ३५ एचपीच्या ट्रॅक्टरवर भाताच्या पेंढ्याचे गठ्ठे बांधतो, छोट्या गोल बेलरने.

अडचण ताकदीची नाही, क्लचची आहे. सुतळी गुंडाळताना ट्रॅक्टर उभा हवा आणि पीटीओ, म्हणजे बेलरला ताकद देणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, फिरता हवा. सिंगल क्लच दाबला की दोन्ही थांबतं. म्हणून क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा. पीटीओ परत फिरतो, गाडी जागेवर राहते. प्रत्येक गठ्ठ्याला हेच. दिवसभरात डावा पाय भरून येतो, पण काम होतं. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवरच ठेवा आणि चाल कमी करायची तर गिअर खालचा घ्या, थ्रॉटल कमी करू नका.

चौकोनी बेलर घेणार असाल तर मात्र जपून. त्याचं जड फ्लायव्हील, म्हणजे फिरतं चाक, क्लच दाबल्यावरही गाडी पुढे ढकलतं. मध्ये ओव्हररनिंग कपलिंग, म्हणजे बेलरची ताकद उलट ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा जोड, बसवल्याशिवाय जोडूच नका, बांधाशी गाडी थांबणार नाही.

आणि दव उडाल्याशिवाय सुरुवात नको. मूठभर पेंढा पिळून बघा, कडकन तुटला पाहिजे. ओला बांधला तर गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो. एका वर्षी घाई केली आणि पांढरा पडलेला पेंढा आमच्या डांगी गाईंनी हुंगून सोडून दिला. फार जीवाला लागलं.

सुतळी अडकली तर आधी इंजिन बंद, मगच हात.