मदत हवी आहे: जळगावात प्रेस्टा वॉल्व्हची ट्यूब मिळेल का?

राम राम मंडळी, मी नेदरलँड्सला असतो, तिथे रोजचं येणंजाणं सायकलवर आणि शनिवार-रविवारी लांब राईड. डिसेंबरात रोड बाईक (बारीक टायरची सायकल) घेऊन जळगावला येतोय, पद्मालयाच्या गणपतीला जायचंय, पण हायवेने नको, ट्रकांच्या बाजूने चालवायची हौस नाही, म्हणून शिरसोली-म्हसावदकडून. टायर ७०० बाय २८, ट्यूबलेस नाही, वॉल्व्ह प्रेस्टा म्हणजे तो बारीकवाला, वरचा छोटा नट ढिला करून हवा भरतात तो. जास्तीची ट्यूब, पॅच, हातपंप आणतोयच, पण बाभळीच्या काट्यांपुढे ते किती पुरणार! एका दुकानात फोन केला तर म्हणे जाड वॉल्व्हचीच आहे भो, आणि ती माझ्या रिमच्या भोकात जात नाही. तर जळगाव-भुसावळमध्ये ही ट्यूब कुठे मिळेल, आणि म्हसावदच्या पुढे डांबर बरं आहे की नुसती खडी?